छातीत लागलं पाहिजे

अप्पा भेटले की नमस्कार वगैरे करत नाहीत. उजव्या हाताचा तळवा स्वतःच्या छातीवर, बरोबर मधोमध आपटतात आणि विचारतात, "काल देवळात होतात ना? इथं लागलं का काही?"

"कुठं?"

"इथं. छातीत."

"नाही बुवा."

"मग भजन ऐकलंत काय?"

यावर उत्तर नसतं. आपण बुवांचा आवाज ऐकलेला असतो, अभंग ऐकलेला असतो, गजराला टाळ्याही वाजवलेल्या असतात. पण छातीत लागलं नाही म्हणजे आपण कानांवर भागवलं, असा अप्पांचा हिशेब.

आमच्या महाडच्या भजनी मंडळात बुवा एक, पखवाजी एक, पेटीवर मी, टाळकरी आठ-दहा आणि अप्पा. अप्पा गात नाहीत, वाजवत नाहीत, टाळही धरत नाहीत. ते 'साउंड बघतात'. बाकीचं जग साउंड ऐकतं, अप्पा बघतात. गाणं रंगात आलं की सगळ्यांचे डोळे बुवांकडे लागतात. अप्पांचे डोळे खोक्याकडे. तान सुरेख गेली तर ते मान डोलावत नाहीत; खोक्याची जाळी थरथरली तर डोलावतात.

असा माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत प्रत्येक मंडळात एक असतो. बेंजो पार्टीत तो ऑक्टापॅडच्या मागे वायरी पायाखाली घेऊन उभा असतो. ऑर्केस्ट्रात मिक्सरवर वाकलेला असतो, त्यामुळे त्याची फक्त पाठ दिसते. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीवाले जिंकले की तुरेवाले, हे तो सांगू शकत नाही. कोणाचा बेस फाटत होता ते मात्र सांगतो. हळदीच्या मांडवात सगळे नाचत असतात तेव्हा हा मोठ्या बॉक्सच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटून उभा असतो. नवऱ्या मुलाचा मामा ताट घेऊन येतो, "जेवून घ्या." हा डोळे न उघडता विचारतो, "स्पीकर पंधरा इंची की अठरा?"

आमच्या अप्पांना ही हात ठेवायची सवय नोकरीतून लागली. सारा जन्म एमआयडीसीत, मेंटेनन्सला गेला. पंपाच्या अंगावर तळवा ठेवून बेअरिंग गेलंय की जायचंय, हे ते मीटरच्या आधी सांगत. निवृत्त झाले, पंप सुटला, तळवा राहिला. तो कुठंतरी ठेवायला हवा होता. मंडळानं साउंडवर ठेवू दिला.

मंडळाकडे पूर्वी एक बेसचा बॉक्स होता. २२ जुलै २०२१ ला तो गेला. त्या दिवशी महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती, आणि त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दिवसाची गोष्ट हसत सांगायची नाही, म्हणून बॉक्सपुरतंच सांगतो. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून तो बाहेर काढला, तेव्हा त्याच्या कडा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या होत्या. बॉक्स एमडीएफचा होता. एमडीएफ म्हणजे लाकूड पिंजून, गोंदात दाबून केलेली फळी. पाणी प्याली की पुन्हा पिंजायला बघते. अप्पांनी त्या फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं : 'एमडीएफ नको. प्लायवूड.'

तिथून निवड सुरू झाली. ती तीन वर्षं चालली.

तीन वर्षांत लोकांची लग्नं ठरली, मोडली, पुन्हा ठरली. आमचा बॉक्स ठरेना. कारण अप्पांना विकत घ्यायची घाई नव्हती. त्यांना निवडायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हाला उशिरा कळलं. विकत घेतलं की निवड संपते. ज्याचा जीव निवडण्यात आहे, तो स्वतःच्या हातानं ती कशाला संपवेल?

वहीत आधी सुपाऱ्यांचे प्रकार लिहिले गेले. सप्ताहातलं भजन : माणसं शंभर, जागा सभामंडप. गणपतीतल्या आरत्या आणि भजन : माणसं तीस, जागा कोणाचीही ओटी. सत्यनारायण : माणसं पन्नास, त्यातली चाळीस जेवणाच्या पंगतीत. मुलांचा हिंदी-मराठी गाण्यांचा ग्रुप, कारण मंडळातल्या पोरांनी तोही काढला होता : एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड, एक बेस गिटार. "आपल्याला डीजे करायचा नाही," अप्पा म्हणाले. "लहान सुपारी, लहान बॉक्स. पण लागला पाहिजे."

खजिनदारांनी विचारलं, "टॉपचे स्पीकर आहेत ना आपले दोन? त्यातून बेस येत नाही का?"

अप्पांनी त्यांना जवळ बसवलं. कॉलेजात पहिल्याच दिवशी गणित डोक्यावरून गेलेल्या मुलाला बसवावं तसं. "बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे सेकंदाला ४१ हेलकावे. आपल्या टॉपचा कागदी पडदा लहान, तो एवढा हेलकावा घ्यायला गेला तर धापा टाकतो. मग बुवांचा आवाजही त्याच्याबरोबर धापा टाकतो. म्हणून ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं वेगळ्या बॉक्सला द्यायचं. टॉप मोकळा, बुवा मोकळे."

"आणि हा बॉक्स किती वॅटचा?"

हा प्रश्न अप्पांना विचारायचा नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदारानं त्यांना '२००० वॅट' असं सोनेरी अक्षरात लिहिलेला बॉक्स दाखवला होता. अप्पांनी चष्मा कपाळावर घेतला, बॉक्स उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. परत आले ते आम्हाला सांगत, "पुढे लिहिलेले वॅट पीकचे. पीक म्हणजे लग्नात वरबाप दोन मिनिटं नाचतो ते. आरएमएस म्हणजे तो रोज किती चालतो ते. लग्नातला नाच बघून कोणी शेतावर गडी ठेवतं का?"

खजिनदार म्हणाले, "मग दुप्पट वॅटचा घेऊ. दुप्पट वाजेल."

"दुप्पट वॅटला तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहा लागतात. म्हणजे वॅट दहापट."

"आणि पैसे?"

"ते मात्र दुपटीच्या वेगानं वाढतात," अप्पा म्हणाले. खजिनदारांनी पावतीपुस्तक पिशवीत टाकलं.

मग अप्पांना तो नियम सापडला. स्पीकरच्या शास्त्रातला जुना नियम आहे, त्यांनी तो आमच्या बाजारात आणला. "बॉक्स लहान हवा, आवाज खोल हवा आणि थोड्या वॅटमध्ये मोठा हवा, या तीन गोष्टी. यातल्या दोन मिळतात, तिसरी सोडायची. मासळीसारखं आहे. ताजी, स्वस्त आणि बिनकाट्याची. तिन्ही एका टोपलीत कोणी आणलीय?"

हा नियम कळल्यावर शहाणा माणूस दोन गोष्टी निवडतो. अप्पांनी तिन्ही जोड्या निवडून पाहिल्या. लहान आणि खोल : वॅट खाईल. लहान आणि मोठा : खोल जाणार नाही, नुसता ठो-ठो करील. खोल आणि मोठा : अठरा इंची, दारातून आत येणार नाही. प्रत्येक जोडीला वहीत चार पानं.

शिवाय ॲम्प्ली आतला की बाहेरचा, हा वाद होताच. नव्या बॉक्समध्ये ॲम्प्ली पोटातच असतो. एक वायर प्लगला, एक मिक्सरला, काम झालं. पोरं त्याच्या बाजूची. अप्पा साशंक. "पोटातच ॲम्प्ली म्हणजे पोटातच दुखणं. एक गेलं की दोन्ही दुरुस्तीला." पण बाहेरचा ॲम्प्ली घेतला की त्याची पेटी वेगळी, वायरी वेगळ्या, आणि उचलणारा माणूस वेगळा. सप्ताहात उचलणारी माणसं खूप असतात. रात्री उशिरा, जोडणी सोडायच्या वेळी, अप्पा आणि मी असतो.

शेवटी अठरा इंची एक बॉक्स दोन दिवसांसाठी उसना मिळाला. आधी आमच्याच सभामंडपात लावला. अप्पांनी त्याला मधे ठेवला, तर वाजला बरा. कोपऱ्यात ढकलला, तर दोन्ही भिंती आणि जमीन मिळून असा वाजला की समईची ज्योत हलली. "बघितलंत? फुकटचा बेस. भिंती मदतीला येतात." त्यांनी मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप उघडलं. आकडा साधाच. वर कौलं खडखडतायत आणि खाली मोबाइल म्हणतोय सगळं शांत आहे. अप्पांना राग यावा असं यंत्राचं वागणं, पण त्यांना आनंद झाला. कारण त्यांना याचंही कारण ठाऊक होतं : ते माप माणसाच्या कानाच्या बेतानं बसवलेलं असतं, ५० हर्ट्झच्या आवाजातून ते जवळजवळ ३० डेसिबल वजा करून दाखवतं. "म्हणजे मोबाइलच्या कानाला बेस ऐकूच येत नाही," अप्पा म्हणाले. "पण छातीला ॲप नसतं."

रात्रीचे दहा वाजायला पाच मिनिटं होती. दहाला बंद, हे अप्पा कायद्याआधी पाळतात. शेजारच्या आजी देवळात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भजन छान झालं हो. पण आमच्या मांडणीवरचा तांब्या आपोआप खाली आला."

"किती वाजता?" अप्पांनी वही काढली.

दुसऱ्या दिवशी सुपारी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीत. सप्ताहाची सांगता. छोटा हत्ती टेम्पो रस्ता होता तिथपर्यंत गेला आणि थांबला. पुढे पाखाडी. दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीची उंची वेगळी, आणि वाडी वर, अगदी आभाळाच्या बेतात. बॉक्सला दोन्ही बाजूंना कड्या होत्या. चार जणांनी धरला. पहिल्या वीस पायऱ्या चौघंही बोलत होते. चाळिसाव्या पायरीला पखवाजी म्हणाला, "अप्पा, पोर्टेबल म्हणजे नेमकं काय हो?"

"पोर्टेबल म्हणजे," अप्पा मागून, हातात फक्त वही घेऊन चढताना म्हणाले, "ज्याला कड्या असतात."

आम्ही वर पोचलो, बॉक्स देवळाच्या कोपऱ्यात लावला. भजन सुरू झालं. बुवांनी रूपाचा अभंग घेतला, पखवाजीनं थाप दिली आणि खरंच, छातीत लागलं. पण प्रत्येक थापेला मंडपातला बल्ब डोळा मारायला लागला. वाडीला वीज शेवटच्या खांबावरून आलेली. अठरा इंचाचा एक घास आणि बल्बचा एक घास, एवढी ती नव्हती. दुसऱ्या अभंगाला पखवाजाच्या माइकमधून बॉक्सचा आवाज आत, बॉक्समधून पुन्हा बाहेर, पुन्हा आत, असा फेरा धरून एक 'हूंऽऽ' सुरू झालं. पेटीवर माझं बोट नसताना षड्ज लागला होता. बुवांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. 'हूं' चालूच. मग एक खट्ट आवाज झाला आणि सगळंच गेलं. बल्ब, बॉक्स, माइक, समोरच्या घरातला टीव्हीसुद्धा.

काळोखात कोणी ओरडलं नाही. सप्ताहाला आलेल्या माणसांना काळोखाची सवय असते. दोन समया होत्या, त्या पुढे सरकल्या. पखवाजीनं पखवाज मांडीवर फिरवला. डाव्या अंगाला, धुमेला लावलेली कणीक पाखाडी चढताना वाळून तडकली होती. त्यानं भिजवलेल्या कणकेचा गोळा आतून मागवला, अंगठ्यानं दाबत मधोमध चिकटवला, कडेनं पाण्याचं बोट फिरवलं, एक थाप दिली, कान लावला, चिमूटभर काढली, पुन्हा थाप दिली. दुसरी थाप सभामंडपाच्या जमिनीतून माझ्या मांडीत आली.

भजन पुढे दीड तास चाललं. मी अप्पांकडे बघत होतो. वाटलं, आता हा माणूस बदलेल. वही मिटेल, टाळ हातात घेईल.

अप्पांनी छातीवर तळवा ठेवला होता. थोड्या वेळानं माझ्या कानाशी आले. "ऐंशी हर्ट्झच्या आसपास असेल. कणीक जराशी जास्त झालीय." आणि समईच्या उजेडात त्यांनी वहीत नोंद केली : 'कणीक. अंदाजे एक पोळीचा गोळा. वीज नको. वजन नाही. पाऊस पडला तर?'

खाली उतरताना अठरा इंची बॉक्स आम्ही पाच जणांनी धरला. पाचवे अप्पा होते. त्या रात्री कडी त्यांच्याही हातात आली आणि दोन दिवस खांदा वर होईना. मला वाटतं, निवड खरी त्या पाखाडीवर झाली. अप्पा मात्र हे मानत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात ते मला दुकानात घेऊन गेले. दुकान कुठलं ते महत्त्वाचं नाही. आत एक लाकडी जिना होता, ते महत्त्वाचं. बारा इंची बॉक्स, प्लायवूडचा, ॲम्प्ली पोटात. दुकानदार तरुण होता. त्यानं उत्साहानं वायर जोडली, गाणं लावायला मोबाइल काढला.

"थांब," अप्पा म्हणाले. त्यांनी वायर काढली, गुडघे वाकवले, बॉक्स पोटाशी धरला आणि जिना चढायला लागले.

"काका! काका, वर गोडाऊन आहे!"

"असू दे."

"अहो, वाजवून तरी बघा!"

"वाजेल रे," अप्पा सातव्या पायरीवरून म्हणाले. "चढतो का ते बघतोय."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. तो महाडचा नसावा. महाडच्या माणसाला सांगावं लागलं नसतं. वर महाबळेश्वरला दोन दिवस पाऊस कोसळला की सावित्री फुगते, काळ आणि गांधारी तिला येऊन मिळतात, आणि नेमकी बाणकोटच्या खाडीला भरती असली की आलेलं पाणी खाली सरकायचं नाव घेत नाही. मग पेठेत एकच काम असतं : जे उचलेल ते माळ्यावर. धान्य, कापड, फ्रीज, कागदपत्रं, देव. त्या रांगेत भजनी मंडळाच्या बॉक्सला चार माणसं कोण देणार? बॉक्स राहणार अप्पांच्या घरी, आणि तिथं तर ते आणि काकू, दोघंच. तीन वर्षं वॅट, हर्ट्झ, डेसिबल लिहिलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती, ती मी त्या दिवशी पाहिली : 'एकट्याला माळ्यावर नेता आला पाहिजे.'

ते वर पोचले. बॉक्स ठेवल्याचा आवाज आला, मग थोडी धाप, मग विजयी हाक : "हाच!"

खजिनदारांनी मोजलेल्या पैशांत तो बसला. पहिल्या भजनाला कोपऱ्यात ठेवला, भिंती मदतीला आल्या. अठराइतका खोल नाही, पण शंभर माणसांच्या सभामंडपात लागतो. बुवांचा आवाज मोकळा झाला हे त्यांनी स्वतः कबूल केलं. आजींचा तांब्या जागेवर राहिला. पोरांनी त्याच्यावर गिटारची जाड तार वाजवून पाहिली, आणि अप्पांनी बॉक्सच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले. पंपाचं बेअरिंग अगदी ठीक असल्यावर मिटत तसे.

जुलै आला. तीन दिवस पाऊस थांबला नाही. दुपारपासून पेठेत सामान वर जायला लागलं. संध्याकाळी मी अप्पांकडे गेलो तर खालची खोली रिकामी, काकू देव पिशवीत भरतायत, आणि अप्पा माळ्यावर. बॉक्स त्यांनी सगळ्यात आधी नेला होता, एकट्यानं. त्यावर गोधडी घातली होती. मीही वर जाऊन बसलो. दिवे गेले होते. नदी दिसत नव्हती, पण तिचा आवाज येत होता. एकसारखा, खालून, भिंतीतून येणारा.

अप्पांचा हात छातीवर गेला. मी वाट पाहिली, आता हर्ट्झ सांगतील. त्यांनी वही काढली नाही.

"हिला बटण नाही बघ," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी पाणी पायरीशी आलं आणि भरती ओसरल्यावर मागं गेलं. सकाळी लख्ख उघडलं. काकूंनी देव खाली आणले, शेजाऱ्यांनी फ्रीज उतरवला. अप्पांनी गोधडी काढली, गुडघे वाकवले, बॉक्स पोटाशी धरला आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. उभेच राहिले. पुढे बॉक्समुळे पायरी दिसत नव्हती. उलटे उतरावं तर वजन अंगावर येत होतं. एक पाय खाली टाकला, वर घेतला. दुसरा टाकला, तोही वर घेतला.

"काय झालं, अप्पा?"

"चढायची परीक्षा घेतली होती," ते वरून म्हणाले. "उतरायची राहिली."

बॉक्स माळ्यावरच राहिला. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, तेव्हा त्यांच्यातल्या दोन तरण्या पोरांनी खाली आणला. तोवर आमची भजनं कणकेवर झाली. अप्पा रोज येऊन बसत, आणि वहीत, शेवटचं पान त्या एका ओळीला दिलेलं म्हणून पुठ्ठ्यावर, एक नवी ओळ आली होती : 'दहा इंचीचं वजन विचारणे.'